महारेराचं संकेतस्थळ: ठाणे-नवी मुंबईत घर घेणाऱ्याला कितपत उपयोगी?

घोडबंदर रोडला किंवा खारघरला बुकिंगचा चेक लिहिण्याआधी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर अर्धा तास द्याच. माहिती मोफत आहे, लॉगिन लागत नाही.

शोधताना पहिली चूक जिल्ह्यात होते. वाशी, नेरुळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, पनवेल, उलवे रायगडमध्ये. प्रकल्प सापडला की सुधारित तारखेआधी पूर्णत्वाची मूळ तारीख बघा. मग सीसी (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) उघडा आणि ती कितव्या मजल्यापर्यंत आहे ते वाचा. फ्लॅट २८व्या मजल्यावर आणि सीसी १८व्यापर्यंत असेल, तर वरच्या मजल्यांची परवानगी अजून यायची आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची जमीन सहसा ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते, म्हणून तिथे टायटल रिपोर्टसोबत (जमिनीच्या मालकी हक्काचा वकिली अहवाल) भाडेकरारही तपासा. एक लक्षात ठेवा: ही माहिती बिल्डरच भरतो. महारेराचा नोंदणी क्रमांक म्हणजे बांधकामाच्या दर्जाची हमी नव्हे.

नोंदणीकृत करार, आगाऊ रकमेवर मर्यादा हे सगळं १९६३च्या मोफा या राज्याच्या जुन्या सदनिका-मालकी कायद्यातही होतं. पण पैशावर नजर ठेवणारं कुणी नव्हतं, म्हणून एका इमारतीचे हप्ते दुसऱ्या जमिनीत जात. १ मे २०१७पासून लागू झालेल्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याने नेमकी ती जागा धरली: खरेदीदारांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात, आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए यांच्या दाखल्याशिवाय ते काढता येत नाहीत. अशा बदलामुळेच अनोळखी माणसाच्या हाती वीस वर्षांच्या कर्जाचा पैसा देण्याची हिंमत होते, आणि अर्थव्यवस्थेची दीर्घकालीन वाढ त्याच विश्वासावर उभी राहते. म्हणून डिमांड लेटरवरचा (बिल्डरचं हप्ता मागणारं पत्र) खाते क्रमांक प्रकल्पाच्या नोंदवलेल्या खात्याशी जुळवून पाहा. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका.

कच्चा दुवा वसुलीचा आहे. तक्रारीचं शुल्क ५,००० रुपये. पझेशन लांबल्यास स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (बँकेचा कर्जाचा मूळ व्याजदर) २ टक्के जादा दराने व्याज मिळण्याचा आदेश होतो, पण बिल्डरने ते दिलं नाही तर वसुली वॉरंट कलेक्टरकडे जातं आणि तिथे महसूल खात्याच्या इतर कामांमागे रांगेत थांबतं. त्यामुळे प्रकल्पाच्या पानावरची न विकलेल्या सदनिकांची यादी आधीच छापून ठेवा. जप्तीसाठी मालमत्ता दाखवायची वेळ आली की तीच कामी येते.