पडदा काळा पडतो तेव्हा बदलायचे काय? केबल, मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड की एसएमपीएस

डेस्कटॉपवर काम चालू असताना पडदा अचानक काळा पडतो, त्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी येते, आणि कधी दोन सेकंदांत चित्र परत येते, तर कधी बटण दाबून संगणक बंद करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. या दोषासाठी संशयित चार: मॉनिटरची केबल, स्वतः मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) आणि एसएमपीएस (संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणारा डबा). बहुतेकजण सर्वांत स्वस्त वस्तूपासून सुरुवात करतात, किंवा वैताग फार झाला असेल तर थेट सर्वांत महागड्या वस्तूपासून. माझ्या मते हा क्रम किमतीवरून ठरवू नये. पडदा काळा पडतो त्या क्षणी बाकीचा संगणक काय करत असतो, यावरून तो ठरवावा.

त्यासाठी पुढच्या वेळी सिग्नल गेला की लगेच बटणाकडे हात नेऊ नये. गाणे लावलेले असेल तर ते वाजते आहे का ते ऐकावे, कीबोर्डवरील कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावे, आणि कॅबिनेटच्या पंख्यांचा आवाज बदलला का याकडे कान द्यावा. गाणे सुरळीत चालू आणि दिवाही प्रतिसाद देतो, तर संगणक जिवंत आहे आणि संशय प्रथम केबल, पोर्ट (केबल खोचायची जागा) व मॉनिटर यांच्यावर जातो. पंखे एकाएकी पूर्ण वेगाने घोंघावू लागले, आवाज अडखळून थांबला किंवा संगणक आपणहून पुन्हा सुरू झाला, तर केबल बदलून सहसा हाती काही लागत नाही; तिथे प्रश्न ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस यांच्यातला असतो.

केबल आणि मॉनिटर यांपैकी केबल अधिक वेळा दोषी निघते, असे मी म्हणेन; त्याचे कारण साध्या आकड्यांत आहे. १९२० गुणिले १०८० चे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवताना पिक्सेल क्लॉक, म्हणजे चित्राचे ठिपके पाठवण्याचा वेग, १४८.५ मेगाहर्ट्झ असतो. फोर-केचे, म्हणजे चौपट ठिपक्यांचे, चित्र त्याच वेगाने पाठवायचे म्हटले की तो चौपट, म्हणजे ५९४ मेगाहर्ट्झ होतो आणि एचडीएमआय केबलवरून सेकंदाला जवळपास १८ गिगाबिट वाहू लागतात. म्हणूनच जुन्या मॉनिटरवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली केबल नवा मॉनिटर जोडताच डोळे मिटू लागते, आणि दोष मात्र नव्या मॉनिटरच्या माथी मारला जातो. याची परीक्षा फुकट करता येते. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र पाठवायचे तो आकडा) १४४ वरून ६० वर आणावा, फोर-के असल्यास रिझोल्यूशनही (ठिपक्यांची संख्या) उतरवावे आणि एक-दोन दिवस काम करावे. तेवढ्याने सिग्नल जाणे थांबले तर केबलविरुद्धचा पुरावा भक्कम झाला. मग नवी केबल शक्य तितकी आखूड घ्यावी. वेष्टनावर ‘हाय स्पीड’ एवढेच छापलेले असेल तर त्यावर विसंबू नये, कारण ४८ गिगाबिटपर्यंत प्रमाणित केलेल्या एचडीएमआय केबलवर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असे लेबल असते.

केबल विकत घेण्याआधी टेबलामागे वाकून तिच्याकडे एकदा नीट पाहावे. टेबल भिंतीला सरकवलेले असते, केबलचा डोक्याकडचा भाग भिंतीला टेकून काटकोनात मुडपलेला असतो, आणि बोटाने किंचित हलवले की पडदा लुकलुकतो. अशा वेळी टेबल चार बोटे पुढे ओढणे हाच इलाज असतो. याच्या जोडीला एक विचित्र वाटणारी, पण खरी गोष्ट सांगतो: गॅस सिलिंडरवर वरखाली होणाऱ्या खुर्चीतून उठताना किंवा तिच्यात बसताना निर्माण होणाऱ्या स्थिर विजेच्या झटक्याने, आवरण कमकुवत असलेल्या केबलवरील चित्र क्षणभर जाऊ शकते. उठताना पडदा काळा पडतो असे कोणी सांगितले तर हसू नये, त्याची केबल बदलून पाहावी.

मॉनिटरचा दोष ओळखण्याची खूण वेगळी आहे. पडदा काळा असताना मॉनिटरचेच मेनू बटण दाबावे. मेनू नीट उमटला तर पडदा आणि त्यामागचा प्रकाश शाबूत आहेत; मेनूही दिसला नाही तर बिघाड मॉनिटरच्या पोटात असू शकतो. अशा काळ्या पडद्यावर तिरपा टॉर्च मारून अंधूक चित्र दिसले, तर फक्त मागचा प्रकाश गेलेला आहे. यापेक्षाही साधी कारणे मॉनिटरच्या मेनूतच दडलेली असतात: आपणहून दुसऱ्या पोर्टवर सिग्नल शोधत जाणारी ‘ऑटो सोर्स’ची सोय आणि गाढ झोपेत जाणारी वीजबचत. दोन्ही बंद करून पाहायला पाच मिनिटे पुरतात. नवा मॉनिटर घेण्याचा विचार मात्र तोच मॉनिटर दुसऱ्या संगणकाला दुसऱ्या केबलने जोडून, तरीही सिग्नल गेला तरच करावा.

एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट, हा पोटप्रश्न येथेच येतो. कार्ड आणि मॉनिटर या दोहोंवर दोन्ही पोर्ट असतील तर एकावरून दुसऱ्यावर जाणे ही उत्तम चाचणी आहे, कारण तिच्यात केबल आणि दोन्ही टोकांची पोर्ट एकदमच बदलली जातात. कायमच्या वापरासाठी मी डेस्कटॉपला डिस्प्लेपोर्ट पसंत करतो. त्याच्या बहुतेक केबलींना खटका असतो आणि धक्का लागून ती सैल होत नाही, तर एचडीएमआयची खीळ केवळ घर्षणावर अडकून राहते. मात्र डिस्प्लेपोर्टची केबल अगदीच हलकी घेऊ नये: काही सुमार केबलींत विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते, जी प्रमाणानुसार जोडलेली नसावी, आणि त्यातून मॉनिटरची वीज उलट कार्डाकडे वाहून संगणक सुरू होतानाच खोळंबण्यासारखे घोळ होतात.

आता दुसरी जोडी, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस. तिच्याकडे वळण्याआधी ड्रायव्हरला, म्हणजे विंडोजकडून कार्ड चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरला, बाजूला करावे लागते. विंडोजमध्ये ग्राफिक्स कार्डाने ठरावीक वेळेत, म्हणजे मुळातल्या मांडणीनुसार दोन सेकंदांत, उत्तर दिले नाही तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. पडदा क्षणभर काळा पडून परत येतो आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ४१०१ क्रमांकाची नोंद होते. अशा नोंदी सापडल्या आणि त्रास नुकत्याच झालेल्या अद्ययावतीकरणानंतर सुरू झाला असेल, तर जुना ड्रायव्हर परत बसवणे हा सर्वांत स्वस्त पर्याय ठरतो. याउलट संगणक बायोसच्या पडद्यावर, म्हणजे विंडोजआधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, तासभर ठेवला असतानाही सिग्नल गेला, तर ड्रायव्हर निर्दोष आहे, कारण तिथे विंडोज सुरूच झालेले नसते. ही चाचणी एकाच दिशेने बोलते, हे लक्षात ठेवावे. बायोसमध्ये कार्डावर भार नसतो, त्यामुळे तिथे सिग्नल टिकला म्हणून कार्ड चांगले असे ठरत नाही.

ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस यांच्यात निवाडा करणे खरोखर अवघड आहे, कारण दोघांची लक्षणे सारखी दिसतात: खेळ किंवा व्हिडिओचे काम सुरू झाले की काही मिनिटांत पडदा जातो आणि पंखे घोंघावतात. कार्डाला मदरबोर्डवरील (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरील) स्लॉटमधून ७५ वॉट, सहा पिनांच्या जोडणीतून ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉट मिळू शकतात. पण आधुनिक कार्ड मिलिसेकंदांपुरते आपल्या सरासरीहून बरेच जास्त ओढते, आणि जुना किंवा जेमतेम क्षमतेचा एसएमपीएस त्या झटक्यात कोसळतो. एसएमपीएससाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० प्रमाणात तर १०० मायक्रोसेकंदांपुरता क्षमतेच्या दुप्पट भार सोसण्याची अपेक्षा धरली आहे, यावरून या झटक्यांची कल्पना यावी. मल्टिमीटरने १२ व्होल्टची वाहिनी मोजून ११.४ ते १२.६ मध्ये आकडा मिळाला की अनेकजण एसएमपीएसला निर्दोष ठरवतात. पण इतका क्षणिक झटका मल्टिमीटरला दिसतच नाही. इव्हेंट व्ह्यूअरमधील कर्नल-पॉवर ४१ या नोंदीचाही असाच गैरसमज होतो. संगणक रीतसर बंद झाला नाही, एवढेच ती सांगते; नावात ‘पॉवर’ आहे म्हणून ती एसएमपीएसविरुद्धचा निकाल ठरत नाही.

मी स्वतः येथे चूक केलेली आहे. पंखे घोंघावून पडदा जातो म्हणून कार्ड बदलले, आणि नव्या कार्डावर तिसऱ्याच दिवशी तोच प्रकार झाला. कार्डाला आठ पिनांच्या दोन जोडण्या होत्या आणि मी एकाच केबलची दोन्ही डोकी त्यांत खोचली होती. एसएमपीएसमधून दुसरी स्वतंत्र केबल ओढल्यावर त्रास थांबला. म्हणून कॅबिनेट उघडून या जोडण्या तपासणे, कार्ड काढून स्लॉटमध्ये पुन्हा खटका वाजेपर्यंत बसवणे आणि जड कार्ड खाली झुकले असल्यास त्याला आधार देणे, ही कामे काहीही विकत घेण्याआधी करावीत.

त्यानंतरही प्रश्न उरलाच, तर कार्डाची वीजमर्यादा सत्तर टक्क्यांवर आणून पाहता येते. मात्र त्याने त्रास थांबला तरी दोघेही संशयित राहतात, कारण उष्णता आणि विजेची मागणी एकदमच घटलेली असते. तापमान मर्यादेत असतानाही सिग्नल जात असेल आणि संगणक थेट पुन्हा सुरू होत असेल, तर माझा कौल एसएमपीएसकडे झुकतो. पडदा गेल्यावर आवाज चालू राहत असेल किंवा जाण्याआधी चित्रात रंगीत चौकटी उमटत असतील, तर कार्डाकडे. चाचणीसाठी उसने कार्ड किंवा एसएमपीएस मिळाला तर तर्कापेक्षा तो शंभरपट बरा. काहीच मिळत नसेल आणि एसएमपीएसने आठ-दहा वर्षे काढली असतील, तर आधी तोच बदलावा असे माझे मत आहे, कारण तो पुढच्या कार्डालाही उपयोगी पडेल. बदलताना जुन्या एसएमपीएसच्या सुट्ट्या केबली नव्याला कधीही लावू नयेत. खीळ नेमकी बसते, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक उत्पादकाची वेगळी असू शकते आणि त्यात डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत काहीही जळू शकते. जुना एसएमपीएस दुरुस्तीसाठी घरी उघडू नये. वीज काढल्यावरही त्यातील कपॅसिटर विद्युतभार साठवून असतात.

ज्यांचे काम लेखन, हिशेब आणि ब्राउझर एवढ्यापुरतेच आहे, त्यांच्यासाठी खरेदी टाळण्याचा एक मार्ग उरतो. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असेल, तर कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला जोडावा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते त्यांत ही सोय नसते. आठवडाभर सिग्नल टिकला तर दोष कार्डात किंवा त्याला मिळणाऱ्या विजेत आहे हे कळते, आणि अनेकांना कार्डाची उणीवही जाणवत नाही. केबलच दोषी ठरली असेल, तर ती जुनी केबल मात्र खणात परत ठेवू नये. वर्षभराने दुसऱ्या मॉनिटरला नेमकी तीच जोडली जाते.