रिमोट डेस्कटॉपवर मराठी श्रुतलेखन : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ठाण्यात कोलशेतच्या घरी बसून सीबीडी बेलापूरच्या कार्यालयातील संगणकावर बोलून मराठी मजकूर लिहायचा असेल, तर आवाजाची अक्षरे घरच्याच संगणकावर करून घ्यावीत आणि तयार मजकूर तेवढा पलीकडे पाठवावा, असे माझे आता ठाम मत झाले आहे. उन्हाळ्यापासून मी हे काम दोन्ही प्रकारे केले आहे. मनगटाच्या दुखण्यामुळे ज्यांना टंकन कमी करावे लागते आणि ज्यांची कागदपत्रे कार्यालयाबाहेर नेता येत नाहीत, अशांची नेमकी याच ठिकाणी अडचण होते. त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मी एका वकिलांच्या कार्यालयात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या मानीव अभिहस्तांतरणाचे (विकासकाने जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावे करून दिली नाही, तर अधिकाऱ्याच्या आदेशाने ती मिळवण्याच्या प्रक्रियेचे) मसुदे तयार करते. 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्रातील मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या, कायद्याच्या कलम 11 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करताना संस्थेचा इतिहास, विकासकाशी झालेले करार, जमिनीचे वर्णन, चतुःसीमा, सदनिकाधारकांचा तपशील असा भरपूर मजकूर लिहावा लागतो. हे सर्व कार्यालयाच्या संगणकावरच राहिले पाहिजे, असा नियम आहे आणि तो योग्यही आहे. त्यामुळे घरून काम करण्याच्या दिवशी मी व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) लावून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दूरचा संगणक आपल्या पडद्यावर उघडून चालवण्याच्या विंडोजच्या सोयीने, त्या संगणकावर जाते. डॉक्टरांनी हाताला विश्रांती देण्यास सांगितल्यानंतर श्रुतलेखनाशिवाय पर्याय उरला नाही.

पहिली पद्धत सरळ आहे. माइक घरी, ओळखणारे सॉफ्टवेअर कार्यालयात. विंडोज 7 बरोबर 2009 मध्ये आलेल्या आवृत्तीपासून रिमोट डेस्कटॉपमध्ये माइकचा आवाज पलीकडे नेण्याची सोय आहे. जोडणी करण्यापूर्वी ‘लोकल रिसोर्सेस’ या टॅबवर ‘रिमोट ऑडिओ’च्या ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘रेकॉर्ड फ्रॉम धिस कॉम्प्युटर’ निवडावे लागते; सुरुवातीला ते निवडलेले नसते. मग पलीकडच्या संगणकाला तुमचा माइक ‘रिमोट ऑडिओ’ या नावाने दिसू लागतो. तरीही आवाज पोहोचत नसेल तर दोन जागा पाहाव्यात. पलीकडच्या विंडोजमध्ये गोपनीयतेच्या सेटिंग्जमधील माइकची परवानगी ही एक, आणि ग्रुप पॉलिसीने (कार्यालयाने सगळ्या संगणकांना एकत्र लावलेल्या नियमांनी) ध्वनिमुद्रणाची सोय बंद ठेवली आहे का, ही दुसरी. दुसरी गोष्ट आपल्या हातात नसते, संगणक सांभाळणाऱ्यांनाच सांगावे लागते.

इथेच आणखी एक बाब सांगायला हवी, कारण तिच्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो. विंडोज 11 मध्ये विंडोजची कळ आणि एच एकत्र दाबली की व्हॉइस टायपिंगची पट्टी उघडते. रिमोट डेस्कटॉप पूर्ण पडद्यावर असेल तर मूळ मांडणीनुसार ही जोडकळ पलीकडच्या संगणकाकडे जाते, आणि तो छोट्या खिडकीत असेल तर ती आपल्याच संगणकावर उमटते. दोन्हीकडच्या पट्ट्या सारख्याच दिसतात, त्यामुळे आपण नक्की कोणत्या यंत्राशी बोलत आहोत, हे पडद्याकडे पाहून चटकन समजत नाही. मूळ मांडणी हवी तशी बदलता येते. रिमोट डेस्कटॉपच्या ‘कीबोर्ड’ या सदरात तो पर्याय आहे.

माइक पलीकडे पोहोचला की काम सुरू होते, आणि नेट चांगले असलेल्या दिवशी ते खरोखर सुरेख चालते. इंग्रजी पत्रे मी अजूनही कधी कधी अशीच लिहिते. मात्र माझा आवाज कोलशेतहून बेलापूरला जातो, ऑनलाइन ओळख वापरली तर तेथून पुन्हा बाहेर कुठल्या तरी सर्व्हरवर जातो, अक्षरे बेलापूरला परत येतात आणि त्या अक्षरांचे चित्र माझ्या पडद्यावर उमटते. यातील ठरावीक उशिराने काही बिघडत नाही. शब्द एक-दीड क्षण मागून उमटले तरी चालतात, पडद्याकडे न पाहता बोलण्याची सवय लागते. खरा घात होतो तो उशीर कमी-जास्त होऊ लागला की. संध्याकाळी इमारतीतील सगळ्यांचे नेट एकदम चालू झाले किंवा पावसात लाइन डळमळू लागली की आवाज तुटक पोहोचतो, आणि मधली अक्षरे नाहीशी होतात.

मराठीत याची किंमत फार मोठी आहे, हे मला वापरताना प्रकर्षाने जाणवले. आपल्या वाक्यात कोणी कोणाला काय केले, हे सगळे शब्दाच्या शेवटी लागलेल्या प्रत्ययावर ठरते, आणि बोलताना नेमका तोच भाग सर्वांत हलका उच्चारला जातो. ‘विकासकाने संस्थेला ताबा दिला’ या वाक्यातील ‘ने’ आणि ‘ला’ तुटले, की सॉफ्टवेअर रिकामी जागा सोडत नाही. आजूबाजूच्या शब्दांवरून त्याला जो प्रत्यय संभवनीय वाटतो तो ते घालते. त्यातून व्याकरणाला धरून असलेले, शुद्ध, पण उलट्या अर्थाचे वाक्य तयार होऊ शकते. ‘मानीव’ऐवजी ‘मानव’ आले तर डोळ्यांना लगेच खुपते. ‘संस्थेला’ऐवजी ‘संस्थेने’ आलेले खुपत नाही, आणि शुद्धलेखन तपासणीतही ते सापडत नाही. उपनिबंधकांपुढे जाणाऱ्या कागदात अशी चूक राहणे कोणत्याही संस्थेला परवडणारे नाही. याच कारणाने मी मराठी मसुद्यांसाठी ही पद्धत सोडली.

दुसरी पद्धत मला आमच्या कार्यालयातील संगणक विभाग सांभाळणाऱ्या तरुणाने सुचवली. “मॅडम, तुम्ही आवाज कशाला पाठवता? अक्षरं पाठवा,” असे तो म्हणाला आणि त्याने हिशेबच मांडून दाखवला. श्रुतलेखनासाठी आवाज साधारणपणे सेकंदाला 16,000 नमुने (आवाजाची मोजमापे), प्रत्येक नमुना 16 बिटांचा, अशा मापाने घेतला जातो. म्हणजे न दाबलेला (कॉम्प्रेस न केलेला) एका मिनिटाचा आवाज सुमारे 19 लाख बाइट भरतो. रिमोट डेस्कटॉप तो दाबून पाठवतो हे खरे, तरी तो अखंड आणि वेळेवर पोहोचावा लागतो. त्याच मिनिटात मी साधारण 100 शब्द बोलते. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटांचे धरले तरी ते सगळे शब्द 2,000 बाइटांच्या आसपास बसतात, आणि ते दोन सेकंद उशिरा पोहोचले तरी त्यातला एकही प्रत्यय गळत नाही.

आता मी घरच्या संगणकावर एक साधे नोटपॅड उघडते, त्यात परिच्छेद बोलते, तिथेच वाचून दुरुस्त करते, कापते आणि रिमोट डेस्कटॉपमधील मसुद्यात चिकटवते. एका परिच्छेदाहून जास्त मजकूर एका वेळी घेत नाही. थेट पलीकडच्या खिडकीत बोलण्याचा मोह टाळावा, कारण घरच्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती खिडकी म्हणजे केवळ एक चित्र असते. त्यात आधी काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नाही, त्यामुळे ‘मागचा शब्द निवडा’ यांसारख्या आज्ञा तिथे लागू पडत नाहीत. नोटपॅडमध्ये त्या नीट चालतात. दुरुस्तीचा बहुतेक वेळ इथेच वाचतो.

चिकटवणे मधूनच बंद पडते, याचीही तयारी ठेवावी. क्लिपबोर्डची ने-आण करणारा ‘आरडीपीक्लिप’ नावाचा छोटा कार्यक्रम पलीकडच्या संगणकावर चालू असतो. तो अडकला की टास्क मॅनेजरमधून बंद करून पुन्हा सुरू करावा. सगळी जोडणी तोडण्याची गरज नसते.

या पद्धतीची खरी अडचण गोपनीयतेची आहे आणि ती मी हलकी मानत नाही. मजकूर कार्यालयाबाहेर न्यायचा नाही, हा नियम पाळायचा आणि तोच मजकूर घरच्या नोटपॅडमध्ये बोलायचा, यात उघड ताण आहे. आमच्या साहेबांशी बोलून आम्ही काही बंधने ठरवली. सदनिकाधारकांची नावे, पॅन, रकमा मी घरच्या संगणकावर बोलतच नाही. तिथे ‘सदनिकाधारक क्रमांक 1’ असे बोलते आणि खरा तपशील पलीकडे गेल्यावर हाताने भरते. नोटपॅडची फाइल जतन करत नाही. विंडोजच्या क्लिपबोर्डचा इतिहास चालू असेल तर त्यात मागच्या 25 नोंदींपर्यंत मजकूर राहतो आणि सेटिंग तसे असेल तर तो दुसऱ्या उपकरणांवरही जातो, म्हणून इतिहास आणि ती देवाणघेवाण दोन्ही बंद केली आहे. शिवाय ऑनलाइन ओळखीत आवाज बाहेरच्या सर्व्हरवर जातो, हे दोन्ही पद्धतींत समानच आहे. ज्यांना तेही नको असेल त्यांच्यासाठी ओपनएआयने सप्टेंबर 2022 मध्ये खुले केलेले व्हिस्पर आहे. ते इंटरनेटशिवाय आपल्याच यंत्रावर चालते आणि मराठीही ओळखते. माझ्या साध्या लॅपटॉपला मात्र त्याचे मोठे मॉडेल पेलत नाही. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेल्यांनी ते जरूर पाहावे.

माइकबद्दल थोडे. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की तो फोनवर बोलण्याच्या प्रोफाइलवर उतरतो, आणि जुन्या उपकरणांत तिथे सेकंदाला 8,000 नमुनेच मिळतात. ‘स’ आणि ‘श’ यांसारखी घर्षक व्यंजने त्यात पुसट होतात. तोंडाजवळ दांडी येणारा साधा तारेचा यूएसबी हेडसेट घ्यावा. गणपतीत खाली ढोल-ताशा वाजत असतानाही त्याने मला काम करू दिले, हे मी कृतज्ञतेने नमूद करते.

कायद्याच्या शब्दांची ओळख हळूहळूच जमते. ‘पोटहिस्सा’ तोडून येतो, ‘चतुःसीमा’ बहुतेक वेळा ‘चतुर सीमा’ होते, आणि ‘सातबारा’ म्हटले तर कधी शब्द येतो, कधी आकडे. यावर मी संक्षेप ठरवले आहेत. वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये पलीकडच्या संगणकावर अशी रूपे भरून ठेवता येतात, पण चिकटवलेल्या मजकुरावर ऑटोकरेक्ट आपोआप लागू होत नाही, म्हणून मी ठरावीक शब्दांसाठी ‘शोधा आणि बदला’चा छोटा मॅक्रो (हे बदल एकदम करणारी आज्ञावली) करून घेतला. परिच्छेद चिकटवला की तो चालवायचा. ‘विकासक’, ‘अभिहस्तांतरण’, ‘भोगवटा प्रमाणपत्र’ हे शब्द मात्र सावकाश, पूर्ण उच्चारले की बहुधा नीट येतात, आणि पूर्ण वाक्य एका दमात बोलले तर शब्द सुटे बोलण्यापेक्षा निकाल पुष्कळ चांगला लागतो.

जमिनीच्या वर्णनाचा तक्ता मात्र मी अजून बोलून भरत नाही. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, चौरस मीटरमधील क्षेत्र आणि चारी दिशांचे प्लॉट यांत एक आकडा चुकला तरी अर्ज परत येऊ शकतो, आणि ओळखीत आकड्यांना आधार देणारे आजूबाजूचे वाक्य नसते. तो भाग मी थेट पलीकडच्या संगणकावर, मूळ उतारा शेजारी उघडा ठेवून, हातानेच टंकते.