मधेच पानं वाढली तर काय: इनडिझाइन की स्क्रायबस?

दिवाळी अंक, स्मरणिका नाहीतर एखादं पुस्तक स्वतः लावायला घेतलंय आणि पानं मांडायला इनडिझाइन आणि स्क्रायबस यांपैकी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं कळत नाहीये, तर आधी हे बघा की काम सुरू झाल्यावर पानं वाढणार आहेत का, आणि बहुतेक वेळा वाढतातच.

नुसतं पान टाकणं दोन्हीकडे सोपंय. स्क्रायबसमध्ये पेज मेनूतून इन्सर्ट, किती पानं, कुठल्या पानाआधी की नंतर की शेवटी, डाव्या-उजव्या पानाला मास्टर पेज (पानाचा ठरलेला साचा) कुठलं, एवढंच विचारतं. तिथे ऑब्जेक्ट (फोटो, मजकुराच्या चौकटी) पानासोबत हलवायचा टिक असतो, तो चालूच ठेवा. इनडिझाइनमध्ये पेजेस पॅनलमधल्या नवीन पानाच्या बटणावर ऑल्ट धरून क्लिक केलं की तशीच खिडकी उघडते.

खरा फरक सलग मजकुरात पडतो. इनडिझाइनमध्ये प्रायमरी टेक्स्ट फ्रेम (मुख्य मजकुराची चौकट) घेऊन स्मार्ट टेक्स्ट रीफ्लो चालू ठेवलं तर लेखकाने मधेच चार परिच्छेद वाढवले तरी पानं आपोआप वाढतात, आणि टेक्स्ट प्लेस करताना, म्हणजे फाइलमधला मजकूर पानावर आणताना, शिफ्ट धरून क्लिक केलं तर अख्खी कादंबरी एका दमात लागते. स्क्रायबसमध्ये मजकूर मावला नाही तर फ्रेमच्या कोपऱ्यात खूण दिसते, पण पान तुम्हीच टाकायचं आणि मधल्या फ्रेमची साखळीसुद्धा (मजकूर एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये जावा म्हणून केलेली जोडणी) तुम्हीच तोडून परत जोडायची. 200 पानांच्या पुस्तकात हे फार जीवावर येतं, म्हणून तिथे मी इनडिझाइनच म्हणेन, दर महिन्याचे पैसे भरावे लागले तरी.

पण 32 पानांची स्मरणिका, प्रत्येक पानावर वेगळा लेख, जाहिराती, फोटो, तर स्क्रायबस अगदी पुरेसं आहे आणि फुकट आहे. फक्त 1.6 च घ्या, जुन्या 1.4 मध्ये मराठी जोडाक्षरं नीट येत नाहीत. इनडिझाइनमध्येही युनिकोड मराठीला वर्ल्ड-रेडी कंपोझर (जोडाक्षरं नीट जुळवणारी सेटिंग) लावावा लागतो बरं का.

आणि एक, कुठलंही घ्या, मधे एकच पान टाकू नका. शेवटच्या दिवशी आलेल्या एका जाहिरातीसाठी मी एकच पान घुसवलं आणि पुढची सगळी डावी पानं उजवी झाली, दोन पानांवर पसरलेला ग्रुप फोटो मधून तुटला, खूप वाईट वाटलं होतं. पानं जोडीने टाका, आणि सेंटर पिन (मधोमध पिना मारून केलेली बांधणी) असेल तर एकूण संख्येला 4 ने भाग गेलाच पाहिजे, त्यामुळे जाहिरात एका पानाची असली तरी उरलेल्या तीन पानांचा मजकूर आधीच हाताशी ठेवा.