हाताची सूज : वाहिनी जोडायची, गाठी बसवायच्या की चरबी काढायची?

स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसिकागाठी (लिम्फ नोड) काढल्या, वर रेडिएशन झालं, की काही जणींचा हात सुजत जातो. कोकणात सूज म्हटली की हत्तीरोग आठवतो. पण इथे डासाचा संबंध नाही, लसिकेचा, म्हणजे ऊतींतून वाहून जाणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाचा (लिम्फ), निचरा तुटलाय. सूज एकाएकी वाढली असेल तर मात्र कर्करोग उलटलेला नाही ना, शिरेत गुठळी नाही ना, हे आधी बघून घ्यावं.

कुठलं ऑपरेशन, हे बरंचसं अंगठ्यावर ठरतं. सुजलेल्या जागी अंगठा मिनिटभर दाबून धरा. खळगा पडला तर आत पाणी आहे. नाही पडला तर चरबी धरलीय, आणि ती पट्ट्या बांधून उतरत नाही.

पाणी असेल आणि आयसीजी या कातडीखाली टोचायच्या, खास कॅमेऱ्यात चमकणाऱ्या रंगाच्या तपासणीत लसिकावाहिन्या वाहत्या दिसल्या, तर एलव्हीए, म्हणजे लसिकावाहिनी शिरेला जोडायचं ऑपरेशन. दोन-तीन सेंटिमीटरच्या चिरेतून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची वाहिनी शेजारच्या बारीक शिरेला जोडतात. भूल जागेपुरतीही चालते, घरी लवकर जाता येतं. वाहिनी कडक झालेली असली किंवा शिरेतला दाब जास्त असला, तर रक्त उलटं शिरून जोड बंद पडतो. वाहिन्या काळाबरोबर कडक होत जातात, म्हणून ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणण्यात हाच पर्याय आधी हातचा जातो.

वाहिन्याच उरल्या नसतील तर दुसरीकडच्या गाठी रक्तवाहिन्यांसकट आणून काखेत किंवा मनगटाशी बसवतात. हे तासन् तास चालणारं, पूर्ण भूल देऊन केलेलं काम, आणि फरक कळायला वर्षही लागतं. गाठी जांघेतून घेतल्या तर पाय सुजण्याचा धोका असतो. पायाचा निचरा कुठल्या गाठींतून होतो ते रंग टाकून बघणार का, हे सर्जनला तोंडावर विचारा.

चरबीसाठी लायपोसक्शन, म्हणजे ती नळीने ओढून काढणं. स्वीडनमध्ये माल्मोच्या डॉ. होकान ब्रोरसन यांनी ही पद्धत रुळवली. हात सर्वांत जास्त उतरतो तो हिच्यात. पण तुटलेला निचरा तसाच राहतो, म्हणून स्लीव्ह, म्हणजे हाताला दाब देणारी घट्ट बाही, चोवीस तास, जन्मभर. काढून ठेवली की सूज परत. मे महिन्यातल्या घामात, पावसात काहीच वाळत नसताना हे निभेल का, ते आधी ठरवा. निदान दोन जोड हवेतच. धुतलेली स्लीव्ह पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली पसरा. चुलीवर धरली तर इलॅस्टिक जातं. साधारण सहा महिन्यांनी ती सैल पडते, नवं माप द्यावं लागतं. हा खर्च ऑपरेशनच्या अंदाजपत्रकात सहसा धरलेला नसतो.

पहिल्या दोन्हींतही स्लीव्ह सुटेलच अशी हमी नाही, आणि तिन्हींच्या आधी काही महिने पट्ट्या, मसाज, व्यायाम नेटाने करावाच लागतो. तोवर कातडी जपा : काजूच्या टरफलाचा चीक, माशाचा काटा, लावणीच्या चिखलातली चीर. हात लाल, गरम होऊन ताप भरला तर त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. तो संसर्ग पुरता बसेपर्यंत ऑपरेशनची तारीख घेऊ नका.