शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचं कार्ड: जिनिंगचा पूर्ण सीझन वापरल्यावर

मला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, आणि काम जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या, मशिनी दुरुस्त करण्याचं. कापूस यायला लागला की हिंगणघाट, राळेगाव, वणी, पांढरकवडा अशी फिरती. दुपारचं जेवण मिळेल तिथं. म्हणून मला शेंगदाणे चालत नाहीत हे स्वयंपाक्याला दाखवायला झेरॉक्सच्या दुकानातून हे कार्ड करून घेतलं: पुढे मराठी, मागे हिंदी, मधे शेंगेचं चित्र, वर लॅमिनेशन. यंदाचा सीझन ते खिशातच होतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कूट पकडायला. वणीकडच्या एका खानावळीत मावशी म्हणाल्या, "नाही जी, दाने नाही टाकत आमी. रस्सा दाट व्हावा म्हनून जरासा कूट, बस." खोटं बोलत नव्हत्या बिचाऱ्या. म्हणून कार्डावर नुसतं शेंगदाणे लिहून भागत नाही. कूट, चटणी, ठेचा, चिक्की सगळं लिहा, आणि "वेचून काढलेलं चालत नाही" ही ओळ जाड अक्षरात. पोह्यातले दाणे वेचून तीच प्लेट प्रेमानं पुढे करणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत.

गल्ल्यावर कार्ड दाखवण्यात अर्थ नाही. मालक मान हलवतो आणि आत "एक थाळी" असा आवाज देतो, संपलं. भट्टीपाशी जाऊन स्वयंपाक्याच्याच हातात दिलं तर तो वाचतो, जरा थांबतो आणि स्वतःहून सांगतो, "दाळभाजी नका घेऊ भाऊ, वरणाले वेगळी फोडनी देतो." राष्ट्रीय महामार्ग ४४ वरच्या ढाब्यांवर मला बरेचदा हिंदी बोलणारे स्वयंपाकी भेटले, तिथं मागची 'मूंगफली'वाली बाजू कामी आली. जेवायला बाराच्या आत पोचलो तर स्वयंपाक्याला ऐकून घ्यायला वेळ असतो. दोनच्या गर्दीत कोण ऐकतंय?

तेलाची जेवढी धास्ती होती तेवढं ते नडलं नाही. मी गेलो तिथं बहुतेक सोयाबीन नाहीतर सरकीचं तेल निघालं. डब्यावरचं लेबल बघू द्या म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही. घाण्याचं शेंगदाणा तेल असेल तर मात्र सरळ उठायचं, कारण रिफाइंडमध्ये जवळजवळ निघून जाणारं प्रथिन त्यात राहतं. खरी गोची कढईची. सकाळी पोह्याचे दाणे ज्या तेलात तळले त्यातच आलूबोंडे निघतात, आणि तळल्यानं हे प्रथिन मरत नाही. म्हणून तळलेलं बंद, पातेल्यातली तयार ग्रेव्हीही बंद. सावजीच्या दारावरून वास घेत पुढे जातो, काय करणार! एकादशी-महाशिवरात्रीला तर हॉटेलात शिरतच नाही. सगळीकडे साबुदाण्याची उसळ आणि तोच झारा.

लग्नाच्या पंगतीत कार्ड फुकट आहे. आचाऱ्याला दाखवलं तरी वाढणारी पोरं वेगळी, आणि दाळभाजीचा डाव वरणाच्या बादलीत जातोच. तिथं डबा न्यावा, सोयऱ्यांना राग आला तरी.

मेनूकार्डात माहिती शोधत बसू नका. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेचं केंद्रीय प्राधिकरण) २०२० च्या लेबलिंग नियमांत अ‍ॅलर्जीची माहिती देणं आहे, पण ते केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना. ढाबा त्यात येत नाही. बंद पाकिटावर मात्र 'कंटेन्स'ची ओळ वाचा, फरसाण घेताना तर नक्कीच.

कार्ड म्हणजे औषध नव्हे, हेही सांगतो. घसा आवळला, श्वास लागला तर अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय. सेट्रिझिनच्या (अ‍ॅलर्जीच्या) गोळीनं खाज कमी होईल, श्वास मोकळा होणार नाही. नव्या गावात गेलो की प्राथमिक आरोग्य केंद्र कुठं आहे ते आधी विचारून ठेवतो, कारण लसीकरण होतं तिथं हे इंजेक्शन ठेवावं लागतं.

लॅमिनेशन सीझनभर टिकलं नाही. कोपरे उकलले, आत हळदीचं पाणी गेलं. आता एटीएम कार्डासारख्या जाड प्लॅस्टिकवर छापून घेतोय, मागे १०८ आणि घरचा नंबर टाकून.