फियाट की अँबेसिडर : नागपुरात कौतुक कोणत्या गाडीला झेपतं?

जुनी गाडी घ्यायची आणि ती रोज रस्त्यावर काढायची असं ज्याने ठरवलंय, त्याला इंजिन किती सीसीचं आणि डिकी केवढी हे सांगायची गरज नाही. तेवढं वाचून झालेलं असतं. खरं बोलायचं तर अशी गाडी माणूस लोकांनी बघावी म्हणूनच घेतो, आणि लोक बघतातही. अंगठा दाखवतात, मागच्या सीटवरून पोरं हात करतात, सिग्नलला कोणी स्कूटर शेजारी लावून ‘कोण्या सालची होय भाऊ?’ विचारतो. हे कौतुक गाडीला सोसतं का, एवढंच इथे बघायचं आहे. कौतुक म्हटलं की थांबणं आलं, आणि नागपुरात मार्च ते जून थांबणं म्हणजे जुन्या इंजिनाची परीक्षा.

उमेदवार दोनच धरले आहेत: प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, आणि अँबेसिडर. कॉन्टेसा बघून चाळिशीतले पुरुष हळवे होतात, बाकी फारसं कोणी वळत नाही, आणि तिच्या काचा-बीडिंग मिळवताना जीव जातो. जिप्सीचं इथलं दुखणं वेगळंच. उघडी जिप्सी दिसली की पहिला प्रश्न ‘ताडोब्याचे किती घेता?’ ही तारीफ नव्हे, गिऱ्हाइकी झाली.

दोघींना मिळणारं कौतुक एका जातीचं नाही, हे आधी समजून घ्यावं. पांढरी अँबेसिडर डिसेंबरात, अधिवेशनाच्या दिवसांत, सिव्हिल लाइन्सला किंवा रविभवनाच्या बाजूला उभी करून पाहा. ‘काय गाडी आहे!’ असं कोणी म्हणत नाही, ‘कोणाची गाडी होय?’ असं विचारतात. लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले, पण पांढऱ्या अँबेसिडरवरचा तो दिवा लोकांच्या डोळ्यांतून अजून उतरलेला नाही. मान गाडीला मिळतो आणि चालवणारा ड्रायव्हर ठरतो. गडद हिरवा किंवा मरून रंग दिला की हे बरंच कमी होतं. मात्र रंग बदलला तर आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी, नाहीतर पासिंगच्या वेळी अडतं.

दुसरं म्हणजे अँबेसिडरचं कौतुक लांबतं. ते करणारा बहुधा साठीच्या पुढचा असतो. वडिलांच्या ऑफिसातली गाडी, पचमढीचा प्रवास, मागच्या सीटवर बसलेली सहा माणसं, सगळं सांगून होईपर्यंत आठ-दहा मिनिटं सहज जातात. फियाटला मिळतं ते छोटं कौतुक. ‘अरे, फियाट!’ म्हणतात, हसतात आणि निघतात. बायका आणि शाळकरी मुलंही हसतात, ते अँबेसिडरच्या वाट्याला कमी येतं. डॅशबोर्डवरची गोलाई, स्टिअरिंगला लागून असलेला हाताचा गिअर आणि दारातली तिकोनी काच, या तीन गोष्टींवर सगळ्यांचं बोट जातं. (शेवटच्या काळातल्या फियाटच्या एस-वन मॉडेलला गिअर जमिनीवर आला. गाडी म्हणून ती सोयीची, पण कौतुक तिथेच निम्मं होतं.)

आता ज्या एका त्रासाने पारडं फिरलं, तो. गाडी गरम असताना बंद केली आणि पाच ते वीस मिनिटांत पुन्हा सुरू करायला गेलं की ती रुसते. पेट्रोल पंपावर नेमकं हेच होतं. इंजिन बंद करावंच लागतं, दोन माणसं जवळ येतात, बोलणं होतं, आणि चावी फिरवली की नुसता स्टार्टर घरघरतो. ज्यांनी आत्ता तारीफ केली तेच बघत उभे असतात.

कारण साधं आहे. गाडी चालती असताना रेडिएटरमधून वारा जातो. उभी असताना पट्ट्यावरचा पंखा इंजिनाच्याच मंद गतीने फिरतो. बंद केल्यावर तर पाण्याचं फिरणंही थांबतं, आणि लोखंडात साठलेली सगळी उष्णता वर, कार्ब्युरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे चढते. अँबेसिडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात सायलेन्सरचा मॅनिफोल्ड (जळका धूर बाहेर नेणारी नळी) आणि कार्ब्युरेटर एकाच बाजूला आहेत, कार्ब्युरेटर जवळजवळ त्या तव्याच्या वरच बसवलेला. फियाटही निर्दोष नाही. तिचाही टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या ब्लॉकलाच बोल्ट केलेला आहे आणि बोनेटखाली जागा कमी आहे. पण तिचं इंजिन १०८९ सीसीचं, लोखंड कमी, म्हणून तापही लवकर उतरतो. थर्मामीटर लावून मोजलेलं नाही, पण मे महिन्यात दुपारी फियाट पंधरा मिनिटांत माणसात येते, अँबेसिडर अर्धा तास मागते असा अनुभव आहे. सावली मिळाली तर दोघींचाही वेळ वाचतो. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप आणि गाडीच्या पंपातला डायफ्राम (पडदा) त्याने फुगतात किंवा कडक पडतात, आणि मग उन्हाचा दोष नसतानाही पेट्रोल कमी पडतं. गाडी घेतल्याबरोबर टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणाऱ्या, आर-नाइन दर्जाच्या पाइपांनी बदलावेत. डायफ्रामचा नवा किटही त्याच वेळी टाकावा.

रुसण्याचे दोन प्रकार असतात आणि दोघांवरचा इलाज उलटा आहे, म्हणून आधी ओळखावं लागतं. एअर क्लीनरचं झाकण काढा, कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा आणि एकदाच अॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली आणि आत ओलं दिसलं, वासही जोरात आला, तर कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये सांडलेलं आहे. अशा वेळी चोक (थंड गाडीला पेट्रोल वाढवणारी कळ) अजिबात ओढू नये. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि स्टार्टर आठ-दहा सेकंद फिरवावा. मधे पाय हलवू नये, कारण प्रत्येक वेळी दाबला की आणखी पेट्रोल आत जातं. धार उडालीच नाही तर वाटी रिकामी आहे, पाइपात वाफ अडकली आहे. मग ओलं फडकं गाडीच्या पंपावर आणि लोखंडी पाइपावर घालायचं, दहा मिनिटं थांबायचं, पंपाला हाताची कळ असेल तर पंधरा-वीस वेळा मारायची आणि मगच चावी. फडकं गरम कार्ब्युरेटरवर टाकू नये आणि डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना वीज वाटणारा भाग) पाणी गळू देऊ नये. ते एकदा भिजलं की निदान आणखी बिघडतं.

कायमचा बंदोबस्तही होतो, दोन्ही गाड्यांत. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधे ८-१० मिलिमीटरचा बेकेलाइटचा स्पेसर (ताप अडवणारी जाड चकती), त्याखाली अॅल्युमिनियमच्या पत्र्याची ढाल, आणि पेट्रोलचा पाइप ब्लॉकला कुठेही टेकणार नाही असा वळवलेला. स्पेसरला लांब स्टड लागतात. जुन्या स्टडवर नट निम्मे बसवून दिले तर गॅस्केट हवा ओढतं आणि गाडी आयडलला, म्हणजे उभी असतानाच्या मंद गतीला, डगमगते. त्यानंतरही भागलं नाही तर टाकीजवळ विजेचा पंप. मात्र तो कमी दाबाचा, अडीच-तीन पीएसआयचा घ्यावा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला की त्याचा दाब वाटीत पेट्रोल अडवणाऱ्या सुईला पेलत नाही, पेट्रोल वरून वाहू लागतं आणि बोनेटखाली आगीला निमंत्रण मिळतं.

पण पट्ट्याऐवजी विजेचा पंखा किंवा विजेचा पंप लावायचा म्हणताना वीज कुठून येणार हेही बघावं. जुन्या फियाटला आणि जुन्या अँबेसिडरला डायनामो आहे. आयडलवर तो जवळजवळ काहीच देत नाही, चार्जिंगचा दिवा लागून राहतो. व्हरायटी चौकातल्या दोन सिग्नलांत पंखा आणि हेडलाइट बॅटरीवरच चालतात, आणि पुढच्या थांब्याला स्टार्टर दमतो. म्हणून आधी अल्टरनेटर (मंद गतीलाही वीज देणारा), मग पंखा. हा क्रम उलटवू नये. फियाटमध्ये मारुतीचा अल्टरनेटर ब्रॅकेट बदलून बसवणारे मेकॅनिक सापडतात. फार जुन्या अँबेसिडरमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असू शकतं. ते न बघता अल्टरनेटर जोडला तर त्याचे डायोड तिथल्या तिथे जळतात.

रेडिएटर खोलून रॉड मारून घेणं, म्हणजे नळ्यांत सळई घालून त्या साफ करणं, दोघींना सक्तीचं. बोअरिंगच्या पाण्याने इथे नळ्यांत क्षार धरतात, आणि वरून नवीन कूलंट ओतून काही होत नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकायचा सल्ला गॅरेजवाले हमखास देतात. नवतप्यात, मे अखेरच्या कडक उन्हात, तो बरोबर वाटतो, पण जानेवारीतल्या सकाळी तीच गाडी अर्धा तास चोकवर चालते आणि पेट्रोल पिते.

अँबेसिडरच्या बाजूने बोलायचं तर बोनेटखाली दोन माणसं वाकून काम करू शकतील एवढी जागा आहे, सस्पेन्शन आपल्या रस्त्यांना पुरून उरतं, आणि उत्पादन २०१४ पर्यंत चाललं असल्याने पार्ट अजून सापडतात. इसुझूच्या १.८ लिटर इंजिनाची अँबेसिडर मिळाली तर वरचा बराच त्रास कमी जाणवतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. घरात म्हातारी माणसं असतील, लग्नकार्याला मागची सीट लागत असेल, तर तीच घ्यावी. डिझेलला वाफेचा प्रश्नच नाही, पण तिचा आवाज शेतातल्या पंपासारखा. लोक बघतात, पण हसत नाहीत. पार्टांच्या बाबतीत नागपूर मधोमध असल्याचा फायदा दोघींना सारखाच. अँबेसिडरचं सामान कोलकात्याच्या मलिक बाजारातून येतं, फियाटचं मुंबईत कुर्ल्याच्या बाजूने.

मग फियाटचं पारडं जड कशाने होतं? वजनाने, म्हणजे वजन कमी असल्याने. ती नऊशे किलोच्या आसपास, अँबेसिडर अकराशेच्या वर. फुटाळ्याच्या चढावर किंवा भर सिग्नलला गाडी बंद पडली की हा फरक कागदावर राहत नाही. फियाटला दोन माणसं पुरतात, आणि त्यातला एक हमखास तोच असतो ज्याने आत्ता ‘गाडी विकता का?’ विचारलेलं असतं. अँबेसिडरला चार लागतात. चार माणसं जमवायची म्हणजे रस्ता अडवायचा, आणि मग कौतुकाच्या जागी हॉर्न ऐकू येतात. सांडलेलं पेट्रोल उडून गेल्यावर बॅटरी उतरली असेल, तर दुसऱ्या गिअरमध्ये, चावी चालू ठेवून, माणसाच्या जलद चालीला क्लच सोडला की फियाट बहुधा पहिल्याच प्रयत्नात उठते. धक्का देणाऱ्याला हात मागच्या खांबाला लावायला सांगा. डिकीच्या पत्र्याला जोर लावला की खड्डा पडतो, आणि तो सरळ करणारा डेंटर शोधणं हे इंजिनापेक्षा कठीण काम आहे.

हाताच्या गिअरबद्दल एक सूचना, दोघींसाठी. खालच्या दांड्यांचे बुश झिजले की गिअर दोन जागांमधे अडकतो. मग बोनेट उघडून त्या दांड्या हाताने न्यूट्रलला आणाव्या लागतात. बघणाऱ्यांना मजा वाटते, मागच्या बसवाल्याला नाही. नवे बुश स्वस्त आहेत. विकत घेतानाच बदलून टाकावेत.

कागदांचं थोडक्यात. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला त्याचं शुल्क १०,००० रुपये. पर्यावरण कर वेगळा. गाडी ५० वर्षांवरची असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी मिळते, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर येतो. मात्र मग ती रोजच्या वापरात काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. ज्याला रोज धरमपेठेतून जाताना लोकांनी बघायला हवंय, त्याने हा मोह टाळावा. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतो. आयडलचा स्क्रू त्या हिशेबाने घट्ट केला की गाडी सकाळी थोडी कुरकुरते, तेवढं सोसावं.

गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी जाऊ नका. विकणारा सकाळीच बोलावतो, कारण थंड गाडी पहिल्या चावीला लागते. दुपारी दोनला जा, वर्धा रोडवर वीस मिनिटं चालवा, सावली नसलेल्या जागी उभी करा आणि बंद करा. खाली उतरून विकणाऱ्याशी दहा मिनिटं गाडीचं कौतुक करा. मग चावी फिरवा. पाणी आणि एक जुना सुती दुपट्टा सोबत ठेवा. उन्हात डोक्याला बांधायचा तोच, पंपावर घालायचाही तोच.