शिवीचे कूळ शोधणारा कोश : मोल्सवर्थ

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असलेला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश (दुसरी आवृत्ती, १८५७) मी राजकीय भाषणांतील शेलक्या विशेषणांचे मूळ तपासण्यासाठी नेहमी वापरतो. शब्दाच्या मूळ भाषेची खूण कंसात दिलेली असल्याने फारसी-अरबी शब्द चटकन ओळखू येतात, आणि शिवीला धार कोठून आली हेही उमगू लागते. ‘हुजरेगिरी’ हाच शब्द घ्या : अरबी ‘हुजूर’ म्हणजे उपस्थिती, सान्निध्य, त्यावरून धन्याच्या सान्निध्यात राहून सेवा करणारा तो हुजऱ्या. म्हणूनच दिल्लीश्वरांच्या दारी तिष्ठणाऱ्या नेत्याला हा शब्द ‘लाचार’पेक्षा अधिक झोंबतो, कारण त्यात दरबार, धनी आणि चाकर असे सगळे चित्रच उभे राहते. ‘गद्दार’ही अरबीच, परंतु त्याचा मूळ अर्थच दगाबाज असल्याने तेथे व्युत्पत्ती फारशी भर घालत नाही. (शिवसेनेतील २०२२ च्या फुटीनंतर तो इतका वापरला गेला की पार बोथट झाला, असे माझे मत.) ‘चमचा’ची खुशमस्कऱ्या ही आजची राजकीय छटा हवी असेल, तर मात्र अलीकडचा कोश उघडावा. मोल्सवर्थमधील अर्थ जुन्या वळणाच्या इंग्रजीत असल्याने नवख्याला सवय होईपर्यंत थोडा वेळ लागतो.